एफचं कपाट

पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात रेकॉर्ड रूम नावाची जागा असते, हे लोकांना विम्याचं किंवा कोर्टाचं काम निघेपर्यंत माहीतच नसतं. माझी सगळी नोकरी तिथे गेली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. पेशंट घरी गेला की त्याचे इनडोअर पेपर आमच्याकडे यायचे. शेवटच्या पानावर डॉक्टरांनी निदान खरडलेलं असायचं आणि त्याला कोड टाकणं हे आमचं काम. ए आणि बी म्हणजे जंतुसंसर्ग, सी म्हणजे कॅन्सर, आय म्हणजे हृदय, जे म्हणजे श्वास, ओ म्हणजे बाळंतपण. एफ म्हणजे मन.

बाकीच्या फाइली उघड्या रॅकवर, पावसाच्या आणि उंदरांच्या भरवशावर. एफच्या मात्र लोखंडी कपाटात, कुलपात. चावी हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये. नवीन आलेल्या शिपायांना त्या कपाटाची भीती वाटायची. “मॅडम, यात ठाणेवाल्यांच्या फाइली आहेत ना?” मुंबईत ‘ठाण्याला पाठवा’ म्हणजे काय, ते सांगायला नको. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि त्या बिचाऱ्या शहराची ही ओळख तिथल्या तलावांपेक्षा पक्की झाली आहे. खरं तर कपाटातले बहुतेक पेशंट ठाण्याला कधी गेलेच नव्हते. थोडे दिवस वॉर्डात राहून घरी गेलेली, गोळ्या घेत नोकरी-संसार करणारी माणसं होती ती. सकाळच्या लोकलला तुमच्या शेजारी उभी असतील.

आता निवृत्त झाल्यावर नातेवाईक आणि शेजारी मला कागदांचे फोटो पाठवतात. “ताई, एफ ४१ पॉइंट १ म्हणजे काय हो? सीरियस असतं का?” प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. निदान कसं करायचं ते मला येत नाही. केलेल्या निदानाचं पुढे काय काय होतं, ते मात्र मी फार जवळून पाहिलंय.

आधी पुस्तकाचं. आमच्या टेबलावर आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचे, तीन खंड असायचे. पहिल्यात कोडची यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अक्षरवार सूची. तिसरा सगळ्यांत फाटका, कारण रोज हाताळला जायचा तोच. दुसरा कोरा करकरीत. हे पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेचं असलं तरी त्याचा उगम मरणात आहे. पॅरिसच्या जॅक बर्टिलॉनने १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. कोण कशाने गेलं याचा हिशेब देशोदेशी एकाच पद्धतीने लागावा, हा हेतू. मनाच्या दुखण्याने कागदावर सहसा कुणी मरत नाही, त्यामुळे त्या यादीत मनाला धड जागा नव्हती. १९४८ साली सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली, तेव्हा पहिल्यांदा मानसिक आजारांना स्वतंत्र विभाग मिळाला. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपलं वेगळं पुस्तक काढलं, ते डीएसएम. आमच्या रेसिडेंट डॉक्टरांना परीक्षेसाठी दोन्ही वाचावी लागायची, कागदावर मात्र आयसीडीच चालायचं.

एफच्या प्रकरणाची डॉक्टरांसाठी १९९२ साली वेगळी आवृत्ती निघाली. तिला सगळे ब्लू बुक म्हणतात. आमच्याकडची प्रत एक रजिस्ट्रार “मॅडम, उद्या देतो” म्हणून घेऊन गेले, ते एमडी होऊन कुठल्या कुठे गेले. पुढे झेरॉक्स काढून स्पायरल केलेल्या प्रतीवर आम्ही दिवस काढले.

त्या पुस्तकात डिप्रेशनचं पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रावले होते. मला वाटलं होतं, कुठली तरी रक्ताची तपासणी असेल, निदान एखादा स्कॅन. तिथे होती लक्षणांची यादी. उदास वाटणं, कशातच रस नसणं आणि थकवा या तिघांपैकी दोन हवीत. झोप, भूक, एकाग्रता, अपराधी वाटणं वगैरे उरलेल्या सातांपैकी आणखी दोन. हे सगळं किमान दोन आठवडे. झालं सौम्य डिप्रेशन, एफ ३२.०. आता हे टीबीशी ताडून बघा. तपासणीत सिद्ध झालेला श्वसनाचा टीबी म्हणजे ए १५. सिद्ध झालेला नाही, पण डॉक्टरांना टीबीच वाटतोय, तर ए १६. म्हणजे पुस्तकच सांगतं, हा पुराव्यानिशी आणि हा अंदाजाने. एफच्या प्रकरणात डिमेन्शियासारखे मेंदूचे आजार आणि आणखी थोडे अपवाद सोडले, तर पुरावा म्हणून कागदाला जोडलेलं असतं ते फक्त बोलणं. पेशंटचं, घरच्यांचं, आणि डॉक्टरांनी समोर बसून जे पाहिलं त्याचं. दोन्ही कोड मात्र एकाच मापाच्या चौकोनात बसतात आणि एकाच तक्त्यात वर जातात. तक्ता बघणाऱ्या साहेबांना वाटतं, दोन्ही एकाच जातीची माहिती आहे.

डीएसएमचा हिशेब मी एका रिकाम्या दुपारी पावतीच्या मागे मांडून बघितला होता. नऊ लक्षणं, त्यांतली किमान पाच हवीत, आणि त्या पाचांत उदासी किंवा रस जाणं यांपैकी एक तरी हवंच. किती प्रकारे जमतं? २२७ प्रकारे. बारावीच्या गणिताचा माझ्या आयुष्यात झालेला हा एकमेव उपयोग. आणि गंमत म्हणजे, दोघांच्या कागदावर ‘मेजर डिप्रेशन’ लिहिलेलं असलं तरी त्यांच्यात एकच लक्षण सामाईक असू शकतं. ते लक्षण झोपेचं निघालं तर आणखी मजा. एकाचा रात्रभर डोळा लागत नाही, दुसरा दुपारपर्यंत उठत नाही; नियमात झोप कमी किंवा जास्त दोन्ही चालतं, म्हणून दोघांच्या खात्यावर ते जमा.

“म्हणजे सगळं थोतांडच की,” असं म्हणणारे लगेच भेटतात. त्यांना मी न्यूयॉर्क-लंडनची गोष्ट सांगते. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाचे पेशंट लंडनपेक्षा कितीतरी जास्त दिसायचे. अमेरिकेच्या हवापाण्यात असं काय आहे, म्हणून दोन्हीकडच्या पेशंटांना एकाच ठरावीक पद्धतीने प्रश्न विचारून पुन्हा तपासलं. फरक बराचसा विरघळला. पेशंट सारखेच होते. तो शब्द न्यूयॉर्कचे डॉक्टर सढळ हाताने वापरत होते आणि लंडनचे जपून. अशा सगळ्या गोंधळातून १९८० साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या पुढाकाराने डीएसएमची तिसरी आवृत्ती आली, आणि “अमुक यादीतली इतकी लक्षणं, इतके दिवस” ही पद्धत रुळली. दोन डॉक्टरांनी एक शब्द एकाच अर्थाने वापरावा, एवढंच त्या यादीचं काम. आजार का होतो, हे तिने सांगायचंच नाही असं ठरलं होतं.

आणि तेवढं तरी जमलं का? डीएसएम-५ छापायच्या आधी चाचण्या घेतल्या. एकाच पेशंटला दोन डॉक्टरांनी वेगवेगळं तपासायचं आणि निदान किती जुळतं ते मोजायचं. त्या मापात ० म्हणजे निव्वळ योगायोग, १ म्हणजे शंभर टक्के जुळणी. पीटीएसडीला, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाला, ०.६७ मिळाले. मेजर डिप्रेशनला ०.२८. जगात ज्या मानसिक आजाराचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं त्याची ही अवस्था.

कपाटातल्या जाड फाइली वाचल्या की हे आकडे आपल्यासमोर हलायला लागतात. एका मुलाचं सांगते. खुणा पुसल्या आहेत, दोन-तीन फाइली एकात मिसळल्या आहेत; गोपनीयता काही निवृत्तीबरोबर संपत नाही. चाळीतला मुलगा, कॉलेजचं दुसरं वर्ष. पहिल्यांदा दाखल झाला तेव्हा निळ्या शाईत लिहिलेलं: एफ २३, अचानक सुरू झालेला आणि थोड्या दिवसांचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं. पुढे प्रश्नचिन्ह. डॉक्टर लोक निदानापुढे प्रश्नचिन्ह सर्रास टाकतात. आमच्या पुस्तकात प्रश्नचिन्हाला कोड नाही, त्यामुळे वर जाणाऱ्या तक्त्यात ते गळून पडतं. दुसऱ्या खेपेला एफ २९, म्हणजे सायकोसिस आहे पण कुठला ते सांगता येत नाही. तिसऱ्या खेपेला तो झोपत नव्हता, दादरला हॉटेल काढणार होता, वडिलांच्या पीएफचे पैसे मित्रांना वाटत सुटला होता. त्यावर्षी एफ ३१, बायपोलर. मग एफ २५, स्किझोअफेक्टिव्ह, म्हणजे दोन्हींच्या मधलं. शेवटी एफ २०, स्किझोफ्रेनिया, आणि या वेळी प्रश्नचिन्ह नाही.

प्रत्येक वेळी हस्ताक्षर वेगळं, कारण रेसिडेंट तीन वर्षांत बदलतात. एक ओळ मात्र सगळीकडे तीच. माहिती देणारी व्यक्ती: आई. माहिती विश्वासार्ह: हो.

कुणी म्हणेल, डॉक्टरांनाच काही कळत नव्हतं. फाइल शांतपणे वाचली की तसं वाटत नाही. पहिल्या खेपेला तो मुलगा पंधरा दिवसांत पूर्ण बरा होऊन परीक्षेला बसला होता. आयसीडीप्रमाणे स्किझोफ्रेनिया म्हणायला लक्षणं महिनाभर टिकायला हवीत, म्हणून त्या डॉक्टरांनी ते नाव लिहिलं नाही, आणि बरं केलं. कारण असे एकदाच झटका येऊन कायमचे बरे झालेलेही आमच्या कपाटात होते. त्यांच्या फाइली पातळ. डीएसएमचा नियम आणखी कडक, सहा महिन्यांचा. म्हणजे लक्षणांना चार महिने झालेला एखादा मुलगा मुंबईत स्किझोफ्रेनियाचा पेशंट आणि त्याच तारखेला बोस्टनमध्ये नाही. आजार पुढे सरकत गेला तसं निदान सरकलं. गोळ्या तेवढ्या सरकल्या नाहीत. पहिल्या डिस्चार्ज कार्डावर ओलान्झापिन होती, शेवटच्यावरही ओलान्झापिन.

कोडचा खरा चटका बसतो तो प्रमाणपत्राच्या टेबलावर. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत मानसिक आजार आहे. पण नुसतं निदान तिथे पुरत नाही, टक्के लागतात. ४० च्या खाली असलात तर बहुतेक दारं बंद. टक्के काढायला इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तयार केलेली आयडियाज नावाची पट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाबी. प्रत्येकीला ० ते ४ गुण. शिवाय आजार किती काळ चाललाय, त्याचे वेगळे गुण. जुने पेपर घेऊन मला कधीकधी बोर्डासमोर हजर राहावं लागायचं, तेव्हा हे ऐकलंय.

“मावशी, आंघोळ स्वतः करतो का?”

“करतो की. सगळं स्वतःचं स्वतः करतो.”

मुलगा शेजारी बसलेला. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून भांग पाडलेला. आईने त्या दिवसासाठी त्याला तयार केलेलं. डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

“तुम्ही सांगितल्याशिवाय करतो का?”

“सांगावं लागतं.”

“आज किती वेळा सांगितलं?”

“आज त्याच्या बाबांनीच पाणी काढून घातली.”

स्वतःची काळजी या रकान्यात ० पडणार होता, तिथे ३ पडला. चार आकड्यांतल्या एकाने वडिलांना आयकरात वजावट मिळते की नाही, पुढे त्यांच्यामागे मुलाला पेन्शन लागू होते की नाही, हे हलतं. ती बाई खोटं बोलत नव्हती. आयुष्यभर चारचौघांत मुलाची लाज राखायची सवय, ती टेबलासमोर कशी सुटणार? त्या डॉक्टर बाईंना मी मनातल्या मनात नमस्कार केला होता, कारण घाईत असलेले दुसरे कुणी “करतो की” हे तसंच लिहून पुढचा नंबर पुकारतात.

आणि याच आया, मुलीचं स्थळ बघायचं निघालं की रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. “मॅडम, त्या जुन्या कागदावरचं नाव काढून टाकता येईल का हो?” नाही येत. एका टेबलावर कोड मोठ्याने वाचला जावा असं वाटतं, दुसऱ्या टेबलावर तो पुसला जावा. दोन्ही वेळा कारण रास्त असतं.

विमेवाल्यांचं थोडक्यात. त्यांची माणसं पेपर तपासायला यायची आणि एफ दिसला की चेहरा खुलायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शारीरिक आजाराइतकाच मानसिक आजारालाही विमा द्यावा असं बंधन घातलं. तेव्हापासून नाकारण्याची भाषा पुष्कळ सभ्य झाली आहे.

त्या कायद्याचं कलम ३ प्रत्येकाने एकदा वाचावं. मानसिक आजार ठरवायचा तो राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय निकषांवर, आणि तिथे आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख आहे. माणसाची आर्थिक-सामाजिक स्थिती, धर्म, वंश किंवा समाजाच्या नैतिक-सांस्कृतिक-राजकीय मूल्यांशी त्याचं न जुळणं, यावरून आजार ठरवायचा नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते एवढ्यावरून आज आजारी म्हणायचं नाही. आणि मानसिक आजार आहे म्हणजे माणूस कायद्याने वेडा ठरला असं नाही. ते सक्षम न्यायालयाने जाहीर करावं लागतं. भावाभावांच्या खोलीच्या भांडणात एकाची जुनी फाइल मागवायला येणारे वकील मी इतके पाहिलेत की हे शेवटचं वाक्य फ्रेम करून खिडकीवर लावावंसं वाटायचं.

नैतिक मूल्यांचं ते वाक्य कायद्यात का लागतं, त्याचं उत्तर आमच्या जुन्या रजिस्टरांमध्ये होतं. आयसीडीच्या नवव्या आवृत्तीत ३०२.० हा कोड होता: समलैंगिकता. एका पिवळ्या पडलेल्या पानावर तो लिहिलेला मी पाहिलाय. वय कॉलेजचं, पत्ता गिरगावचा, आणणारी व्यक्ती: वडील. अमेरिकेच्या संघटनेने हे निदान १९७३ साली रद्द केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने दहावी आवृत्ती १७ मे १९९० ला मंजूर केली, तिच्यात तो कोड नाही. तरी एफ ६६ नावाची एक फट उरलीच होती, स्वतःचा कल स्वतःलाच नकोसा वाटणाऱ्यांसाठी. अकराव्या आवृत्तीत ती बुजवली. आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्हा नाही असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा कलम ३७७ वरचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. तो गिरगावचा मुलगा आता साठीला आला असेल. त्याला काही बरं व्हायचं नव्हतंच, पुस्तकाला बरं व्हायचं होतं.

ही अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात मनाच्या प्रकरणाचे कोड सहाच्या आकड्याने सुरू होतात, एफ गेला. लिंगओळखीचा मुद्दा मानसिक आजारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. गेमिंगचा विकार आत आला. स्किझोफ्रेनियाचे पॅरानॉइड वगैरे उपप्रकार, जे आम्ही पॉइंटच्या पुढचा आकडा म्हणून इमानेइतबारे लिहीत होतो, ते सगळे गेले. त्यांचा पेशंटच्या पुढच्या वाटचालीशी फारसा संबंध लागत नव्हता म्हणे. एवढी शाई गेली त्यात.

आपल्याकडच्या काही गोष्टी या पुस्तकांनी कशा बसवल्या, तेही बघण्यासारखं आहे. लोकलच्या डब्यात ‘गुप्त समस्या’वाली स्टिकरं बघून घाबरलेली तरुण मुलं ओपीडीत यायची, धातू जातो म्हणून अशक्तपणा आलाय असं सांगत. त्याला धात सिंड्रोम हे नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली दिलं, आणि आयसीडी-१० ने तो एफ ४८.८ मध्ये, म्हणजे ‘इतर’मध्ये टाकला. अंगात येण्यासाठी एफ ४४.३ होता, पण अटीसह: धार्मिक किंवा समाजमान्य प्रसंगात येत असेल तर तो आजार नव्हे. नवरात्रात देवीसमोर घुमणारी आमच्या भांडुपची बाई या पुस्तकाच्या लेखी ठणठणीत. तीच सोमवारी ऑफिसात घुमायला लागली आणि स्वतःच घाबरली, तर मात्र कोड. ही अट लिहिणाऱ्याला माणसं कळत होती असं मला वाटतं.

शोकाच्या बाबतीत मात्र पुस्तकांचीच धांदल उडालेली दिसते. डीएसएमच्या चौथ्या आवृत्तीत जवळचं माणूस गेल्यावर साधारण दोन महिने डिप्रेशनचं निदान टाळायची सूट होती. पाचव्या आवृत्तीने २०१३ मध्ये ती काढली, त्यावर गदारोळ झाला. आता लांबलेल्या शोकाचा स्वतंत्र विकारच आलाय. आयसीडी-११ मध्ये किमान सहा महिने, डीएसएमच्या २०२२ च्या सुधारणेत मोठ्या माणसांना बारा महिने. बारा महिने म्हणजे आपलं वर्षश्राद्ध! आपलं वेळापत्रक तर पूर्वीच आखलेलं आहे: दहावा, तेरावा, मासिक, वर्ष. आणि दोन्ही पुस्तकं हेही सांगतात की त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा शोक स्पष्टपणे जास्त असायला हवा.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. शेवटचं दर्शन नाही, दहावा गुरुजींनी मोबाइलवर सांगितला. वर्ष उलटलं तरी काकू दोघांचा चहा टाकायच्या आणि एक कप बेसिनमध्ये ओतायच्या. मुलाने मला विचारलं, “हे डिप्रेशन आहे का हो?” मी त्याला ओपीडीत पाठवलं. कागद घेऊन परत आला तर त्यावर एफ नव्हताच. झेड ६३.४ लिहिलं होतं, कुटुंबातल्या व्यक्तीचा मृत्यू. मला त्या डॉक्टरांचं फार कौतुक वाटलं. झेडचं प्रकरण पुस्तकाच्या पार शेवटी असतं, फारसं कुणी उघडत नाही. माणूस दवाखान्यात येतो पण त्याला आजार नाही, परिस्थिती आहे, अशांसाठी ते केलंय. झेड ५६ नोकरीचे प्रश्न, झेड ५९.१ अपुरं घर, झेड ६०.२ एकटं राहणं. झेड ५९.१ तर अर्ध्या मुंबईला सरसकट लागू होईल. पण झेडवर विमा मिळत नाही, टक्के मिळत नाहीत, मोठ्या साहेबांच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. म्हणून जिथे झेड लिहायला हवा तिथेही पुष्कळदा एफ लिहिला जातो, आणि मग वर्षाअखेरीस सगळे म्हणतात, एफ वाढत चाललाय. काही वाढ खरी असेलही. काही वाढ रकान्यांची आहे.

काकूंना पुढे सहा-सात वेळा बोलावून नुसतं बोलतं केलं. गोळी नाही. चहाचं अजून चालू आहे, पण आता दुसरा कप त्या मला आणून देतात.

राहता राहिली माझी भाची. ऐरोलीच्या कंपनीत आहे, नव्वदच्या दशकातला जन्म. परवा जेवताना म्हणाली, “आत्या, मला एडीएचडी आहे. शंभर टक्के.” एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चंचलपणाचा विकार. कुणी सांगितलं? रील्सने. मी तिला म्हटलं, बाई गं, तू जन्मलीस तेव्हाच्या डीएसएममध्ये लक्षणं वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसायला हवी होती. २०१३ पासून बाराव्या वर्षाआधी दिसली तरी चालतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना सहाऐवजी पाच लक्षणं पुरतात. आयसीडी-११ मध्येही बारा वर्षांचीच रेघ आहे. म्हणजे तुला तेव्हा ते नसतं, आता असू शकतं, आणि मधल्या काळात तू होतीस तशीच आहेस.

“म्हणजे आहे का नाही?” तिला एवढंच हवं होतं.

तिच्या रील्सना मी हसले नाही, हे सांगायला हवं. वही, चावी, ट्रेनचा पास, मुलाखतीची तारीख असं सगळं हरवत आलेल्या मुलीला त्या सगळ्याला एक नाव आहे असं कळलं, तर ती ते घट्ट धरणारच. घरात तिला आजवर मिळालेलं निदान होतं ‘वेंधळी’, आणि त्याने काही उपचार झाला नव्हता. पण मोबाइलवरची यादी वाचून जे बहुतेक कुणालाही लागू पडेल, त्यात आपण बसतो का हे दुसऱ्याने, समोर बसून, वेळ घेऊन बघावं लागतं. लक्षणं घरी आणि ऑफिसात अशा दोन ठिकाणी तरी दिसतात का, कामात खरंच अडथळा येतो का, आणि झोप, थायरॉइड, चिंता, रोजची दोन तासांची लोकल यांनी तो उलगडत नाही ना. तेव्हा तिला घेऊन गेले. नवीन केसपेपर, लांब रांग, मग एक तरुण रेसिडेंट, ज्यांनी माझ्या समजुतीपेक्षा बराच जास्त वेळ दिला. त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. लहानपणची माहिती देणारं कुणीतरी आणि शाळेची प्रगतिपुस्तकं घेऊन या, म्हणाले.

वहिनीला फोन केला. “छे, हिला लहानपणी काही नव्हतं,” वहिनी म्हणाली. “डबा तेवढा रोज शाळेत विसरायची. आणि छत्र्या. एका पावसाळ्यात किती छत्र्या घेतल्या असतील मी, विचारू नका.” मी म्हटलं, हेच सगळं डॉक्टरांना सांगायचं, काही झाकायचं नाही. प्रगतिपुस्तकं पहिलीपासूनची आहेत, माळ्यावरच्या ट्रंकेत. भाची मागच्या रविवारी काढणार होती. विसरली. आता येत्या शनिवारी मीच जाऊन शिडी लावणार आहे.